मुलीचा खेळ, मुलीच्या नावानं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्यिक नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला साधा माणूस आहे. 'मुलं आणि मोबाईल' यावर चार शब्द बोला, असं मंडळानं सांगितलं. या विषयावर बोलताना आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा मुलगेच असतात. मी आज गेम खेळणाऱ्या मुलींबद्दल बोलणार आहे. तशी एक माझ्याच घरात आहे. यंदा ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मुलींना खेळाची आवड नसते, असं कुणी म्हणू नये. सागरगोटे, झिम्मा, फुगडी, पंचमीचा झोका हे सगळं आपल्या आया-बहिणींचंच. फक्त त्यांच्या खेळाला सण लागायचा. पंचमी सरली, गौर गेली की खेळ संपला. मुलगा मात्र बारा महिने दप्तर टाकून मैदानावर पळायचा. माझं लहानपण निपाणीत गेलं. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळल्या जायच्या. शाळेतून आलेली पोरगी आईशेजारी मांडीवर सूप घेऊन बसायची. मजुरी हजार विड्यांवर. तिथं तिला खेळायला वेळ कुठला?

नव्वदच्या दशकात गल्लीतल्या एका घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. नदीवरून विमान न्यायचं, वाटेतले पूल उडवायचे, इंधन संपायच्या आत भरून घ्यायचं. माझी धाकटी बहीण त्यात सगळ्या पोरांच्या पुढं होती. पण तिचा डाव रंगात आला की हाक यायची, "अगं, पाणी आलंय, घागरी भर." विमान तिथंच पडायचं. पाण्यासाठी पोरांना कुणी हाक मारत नसे. त्या गेमचं नाव 'रिव्हर रेड'. १९८२ साली तो तयार केला अमेरिकेतल्या कॅरोल शॉ या बाईंनी. सगळी गल्ली ज्याला पोरांचा खेळ म्हणायची, तो बनवला होता एका बाईनं!

आता माझ्या लेकीचं सांगतो. ती 'बीजीएमआय' खेळते. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्यानंतर २०२१ मध्ये आलेला हा त्याचा भारतीय अवतार. चौघांचा संघ करून मैदानात उतरायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं. शत्रू कुठल्या बाजूनं येतोय, कुणाकडं औषध आहे, कुठं लपायचं, हे चौघांनी माइकवर एकमेकांना सांगायचं असतं. म्हणजे नेम जितका महत्त्वाचा, तितकाच आवाज.

आणि ही माइक बंद ठेवून खेळते. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, आवाज ऐकला की पोरं खेळ सोडून माझ्याच मागं लागतात. एक नंबर मागतो, दुसरा म्हणतो जा, चपात्या लाट. हरलो की पोरगीमुळं हरलो, जिंकलो की माझं नावच नाही." म्हणून तिनं गेममध्ये मुलाचं नाव घेतलंय. मंडळी, घरात आम्ही तिला खेळायला मोकळीक दिली, पण तिथं ती मुलगी म्हणून खेळू शकत नाही. याचं मला वाईट वाटतं.

हे दुखणं मोबाईलबरोबर आलेलं नाही. आपल्या मराठी घरातलंच उदाहरण घ्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी बुद्धिबळात नाव काढलं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तेव्हा विरोध झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी, महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढं १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. बुद्धिबळाचा पट काय, मुलगा-मुलगी ओळखतो का? तरी भांडावं लागलं.

ते भांडण अजून संपलेलं नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेत खेळून आली आणि तिनं उघडपणे सांगितलं की, प्रेक्षक माझ्या चालींपेक्षा माझे केस, कपडे यांवरच जास्त बोलतात. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, ती महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

व्हिडिओ गेममध्येही वाट काढणाऱ्या मुली आहेत. पायल धारे ही छिंदवाडा जिल्ह्यातल्या उमरानाला गावची. तो जिल्हाही आपल्यासारखाच महाराष्ट्राच्या सीमेला लागलेला. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी गेम खेळणाऱ्या ७ तरुणांना भेटीला बोलावलं, त्यांत मुलगी ती एकटीच. सातात एक. यावरून वाट किती अरुंद आहे ते समजावं.

"पण हा काय खेळ झाला?" असं काका मंडळी विचारतील. आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये कांस्यपदक आणलं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच स्पर्धेत व्हिडिओ गेमचे सामने प्रात्यक्षिक म्हणून झाले होते. पुढच्या हांगझोऊच्या स्पर्धेत त्यांना पदकं मिळाली.

काळजी करू नका, असं मी म्हणणार नाही. डोळे, झोप, अभ्यास यांची काळजी हवीच. पैसे लावायचे गेम तर नकोतच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यांवर बंदीचा कायदा केला, आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. बीजीएमआय २०२३ मध्ये परत सुरू झाला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. माझ्या मते तेही जास्त. आमच्या घरी अभ्यास झाल्यावर १ तास, हा नियम मुलाला आणि मुलीला सारखाच आहे. ताटं उचलायची पाळीही दोघांची. तिचा तास चालू असताना तिला हाक मारायची नाही.

मुलगे असलेल्या घरांना माझी एक विनंती आहे. पोरगा माइकवर काय बोलतो, ते एकदा शेजारी बसून ऐका. माझी लेक ज्यांच्यामुळं माइक बंद ठेवते, ती पोरंही कुणाच्या तरी घरातलीच आहेत.

आणि मंडळाला एक सूचना. पुढच्या वर्षी मुलांना बुद्धिबळ आणि मुलींना रांगोळी अशी वाटणी नको. सगळ्या स्पर्धा सगळ्यांना खुल्या ठेवा, आणि जिंकणाऱ्या मुलीचं नाव इथून माइकवर मोठ्यानं पुकारा.

 गणपती बाप्पा मोरया!