खाडीच्या पाण्यावर, इंजिन बंद करून



आज आम्ही कर्जाच्या हप्त्यांबद्दल किंवा पापड-लोणच्याच्या स्टॉलबद्दल बोलणार नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाने वसईच्या खाडीत, होडीवर बसून, आपल्या भागातल्या बायकांची गाणी रेकॉर्ड केली. स्टुडिओ नाही, की-बोर्ड नाही, स्पीकर नाही. चार गाणाऱ्या, एक घुमट, टाळ्या आणि दोन मोबाइल. हे कसं केलं, पैसे किती लागले आणि गाणारीचं नाव नि हक्क कसा राखला, या तीन गोष्टी तुम्हाला सांगायच्या आहेत. कारण हे काम कुठलाही गट करू शकतो.

आधी हे का केलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाहेरची काही मंडळी आली. आमच्या एका मावशींकडून चार-पाच गाणी मोबाइलवर घेऊन गेली. काही महिन्यांनी एका हळदीत तेच गाणं डीजेच्या ठोक्यावर वाजलं. आवाज मावशींचा, नाव कोणाचंच नाही. मावशी हसून म्हणाल्या, "आता माझाच आवाज मला विकत घ्यावा लागेल गो." सगळ्या हसलो, पण ते मनात राहिलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यातल्या एक आजी गेल्या. त्यांना किती गाणी येत होती ते आता मोजायलाही कोणी नाही, कारण ती कुठे लिहिलेली नव्हती.

गटाच्या बैठकीत विषय ठेवला तेव्हा बारापैकी चौघींनी विरोध केला. "गाण्याने हप्ता फिटतो का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. म्हणून ठराव असा झाला की मासिक बचतीला हात लावायचा नाही. दिवाळीच्या फराळातून जो नफा उरला होता, त्यातले १,८०० रुपये घ्यायचे आणि हिशेब पुढच्या बैठकीत वाचायचा. खर्च असा झाला: होडीचं डिझेल आणि तांडेलाची सकाळ ५००, चार गाणाऱ्यांना प्रत्येकी २०० म्हणजे ८००, पेनड्राइव्ह ३५०, चहा-खारी १००. एकूण १,७५०. गाणाऱ्यांना पैसे कशाला, असंही कोणी विचारलं. त्यांची मासळीची सकाळची विक्री बुडत होती, म्हणून. बाईचा वेळ फुकट धरायचा नाही, हे आपण गटात रोज सांगतो. मग ते गाण्यालाही लागू आहे.

आता होडी कशाला? घरात पंखा, मिक्सर, टीव्ही, खालून जाणारे टेम्पो. समाजमंदिराच्या हॉलमध्ये आवाज इतका घुमतो की शब्द कळत नाहीत. आणि खरं कारण वेगळंच आहे. घरात सासरे, दीर, मुलगे असले की या बायका तोंड उघडत नाहीत. पूर्वी डोक्यावरची पाटी होडीत ठेवून पलीकडे जाताना गाणी आपोआप यायची. पाण्यावर कोणी ऐकत नाही, म्हणून त्या मोकळ्या होतात.

पण पाणी शांत असेलच असं नाही. इथे आपल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब उपयोगी पडला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओढ कमी. आम्ही दशमी धरली. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण होणार आणि ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ थांबणार. उजेडही असतो, वाराही अजून उठलेला नसतो. तो अर्धा तास कामाचा.

जागा निवडायला एक फेरी नुसती ऐकण्यासाठी मारली. नायगाव-भाईंदरच्या रेल्वे पुलाजवळ दर दोन-चार मिनिटांनी लोकल धडधडते, तिथे काही होणार नाही. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू आहे, तिची वाट सोडायची. म्हणून पुलापासून लांब, तिवरांच्या कडेला नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. नांगर कुठे टाकायचा हे तांडेलाने ठरवायचं, आपण नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जॅकेट हालचालीबरोबर कुरकुरतं, ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. त्यावर उपाय एकच, पट्टे घट्ट बांधायचे आणि गाताना हात मांडीवर ठेवायचे. जॅकेट काढायचं नाही.

मोबाइलबद्दल आम्ही जे शिकलो ते लिहून घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच रिंग वाजते. फोन फळीवर ठेवू नका. होडीच्या पोकळ लाकडातून लाटेचा ठोका आणि पायाचा धक्का थेट आत जातो. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. वाऱ्याचा फडफडाट टाळायला फोनच्या खालच्या टोकाला, जिथे माइक असतो तिथे, धुतलेला लोकरीचा मोजा सैल चढवा. गाणारीच्या तोंडापासून वीतभर-हातभर अंतर, आणि थोडं बाजूला. उघड्या पाण्यावर भिंती नसतात, त्यामुळे आवाज परत येत नाही, विरून जातो. फोन लांब ठेवला तर नुसतं पाणीच ऐकू येतं. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये 'वेव्ह' प्रकार निवडा. एमपी-थ्रीमध्ये जागा वाचते, पण आवाजातला काही भाग कायमचा गाळला जातो. वेव्हला एका मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात, तेवढी जागा आधी रिकामी करा. आणि गाण्याआधी एक मिनिट कोणीही न बोलता फक्त खाडी रेकॉर्ड करा. पुढे गाणं साफ करणाऱ्याला ते लागतं.

घुमट आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीने आणलं. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं लहान तोंड उघडं. तळव्याने ते उघडझाप केलं की आवाज बदलतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली, आता बकरीचं लावतात. खाडीच्या दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. त्यावर तिचा उपाय सोपा होता. घुमट दुपट्यात गुंडाळून न्यायचं, गाणं सुरू होण्याआधी दहा मिनिटं उन्हाकडे धरायचं.

प्रत्येक गाण्याआधी गाणारीने आपलं नाव, गाव, गाणं कोणाकडून शिकली ते आणि तारीख आपल्या तोंडाने सांगायची, असा नियम केला. ही युक्ती जुनी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गायजबर्ग नावाच्या साहेबाने भारतातल्या पहिल्या ग्रामोफोन तबकड्या भरल्या. तेव्हा माइक नव्हता. गौहर जान मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात आणि शेवटी आपलं नाव मोठ्याने उच्चारत. तबकड्या परदेशात तयार व्हायच्या, तिथे कोणाचं गाणं कोणतं हे कळावं म्हणून. शंभरावर वर्षं झाली, ते नाव अजून ऐकू येतं. आमच्या मावशींचं दोन वर्षांत गेलं होतं.

आणि हा हक्क नुसता मनाचा नाही, कायद्याचाही आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ मध्ये बदल होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलाकार म्हणून हक्क मिळाला. गाणं परंपरेचं असलं, कोणी रचलं ते माहीत नसलं, तरी तुम्ही ज्या दिवशी ते गायलात त्या गाण्यावर तुमचा हक्क ५० वर्षं राहतो. तुम्हाला न विचारता ते रेकॉर्ड करून विकता येत नाही. म्हणून आम्ही साधा कागद केला. रेडिओवर लावायचं का? लग्नात वाजवू द्यायचं का? ठोका-संगीत मिसळू द्यायचं का? पैसे आले तर वाटणी कशी? हो किंवा नाही, आणि खाली सही किंवा अंगठा. कागद वाचून दाखवला आणि तेच उत्तर त्यांच्या आवाजातही घेतलं. चौघींपैकी तिघींनी रेडिओला हो म्हटलं, ठोका मिसळायला चौघींनीही नाही.

एक गोष्ट झाली नाही, तीही सांगतो. एक मावशी धवलारीण आहेत. आगरी-कोळी लग्नात विधी गाण्यातून लावणारी बाई म्हणजे धवलारीण. आम्हाला धवले हवे होते. त्या म्हणाल्या, "ते मांडवातलं आहे. नवरा-नवरीशिवाय ते गायचं नाही." फोन बंद केला. त्यांनी होडीवर वेगळी गाणी दिली. धवले त्या सुनेला शिकवणार आहेत, समोर बसवून. काही गोष्टी रेकॉर्ड न करताच टिकवायच्या असतात आणि ते ठरवायचा अधिकार ज्यांची गाणी त्यांचाच.

तुम्हाला वाटेल, अकरा गाण्यांनी काय होतं? हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखावर भरल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आज बाईच्या नावागावासकट लोकांना वाचता-ऐकता येतात. तिथेही एकेका बाईजवळ बसूनच काम झालं.

आमची अकरा गाणी आता तीन ठिकाणी आहेत. गटाच्या पेनड्राइव्हवर, कोषाध्यक्ष ताईंच्या फोनमध्ये आणि गाणारीच्या घरी मेमरी कार्डावर. तीन प्रती, तीन घरं. ज्या चौघींनी विरोध केला होता, त्यांतल्या दोघींनी पुढच्या दशमीसाठी आपल्या सासूचं नाव दिलं आहे.

तुमच्या गटात होडी नसेल, तर विहिरीचा काठ असेल, वाडीतली पडवी असेल. पंखा बंद करा, नाव विचारा, परवानगी घ्या आणि मग फोन सुरू करा. हिशेब वहीत लिहायला विसरू नका.