आधी हात, मग डोळे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



लहानपणी आमच्या वर्गात चष्मा लावणारे दोघेच होते. एक गणिताचे मास्तर आणि दुसरा मी. मास्तरांना काही म्हणायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे सगळा हिशोब माझ्याशी चुकता व्हायचा. ‘ढापण्या’ हे माझं नाव तेवढं हजेरीपटावर नव्हतं. पुढे कविता लिहू लागलो, लोक कवी म्हणू लागले. पण गावी गेलो की एखादा जुना सोबती अजून त्याच नावानं हाक मारतो. आता ती हाक गोड वाटते. नवव्या वर्षी वाटत नव्हती.

हे आठवायला कारण झाली माझी नात. वय वर्षं ९, इयत्ता चौथी. दूरचं दिसत नाही म्हणून दोन वर्षांपासून चष्मा आहे, नंबर आता मायनस साडेतीन. शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. सुट्टीत घरी आली ती दोन तुकडे झालेला चष्मा हातात घेऊन. खुंटाला वळसा घालताना पडला आणि तिचाच पाय त्यावर पडला. म्हणाली, “नाना, मला लेन्स हव्यात. अम्मी नको म्हणते. तुम्ही सांगा ना तिला.”

तिची अम्मी म्हणजे माझी मुलगी. ती नको म्हणते त्याला कारण आहे, आणि त्या कारणात माझाही वाटा आहे. ती कॉलेजला गेली तेव्हा मी हौसेनं तिला लेन्स घेऊन दिल्या. मला जे ऐकावं लागलं ते पोरीला ऐकावं लागू नये, एवढाच विचार. त्या कशा वापरायच्या हे दुकानात कुणी नीट सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वसतिगृहात ती लेन्सची डबी नळाखाली विसळायची. परीक्षेच्या दिवसांत लेन्स तशाच ठेवून झोपायची. एक दिवस डोळा लाल झाला. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घातले. तिसऱ्या दिवशी उजेड सहन होईना. बुबुळावर जखम झाली होती. दवाखान्यात रात्रंदिवस दर तासाला औषधाचे थेंब घालावे लागले. नजर वाचली, पण बुबुळाच्या कडेला एक पांढरा ठिपका कायमचा राहिला. आपल्याकडे त्याला फूल पडणं म्हणतात. या फुलावर मला आजवर कविता करता आलेली नाही.

आता तीच मुलगी आई झाली आहे आणि तिची मुलगी लेन्स मागते आहे. जावईबापूंचं म्हणणं, जमाना बदलला, लेन्सही बदलल्या. मुलीचं म्हणणं, डोळे तेच आहेत. दोघांनीही निवाडा माझ्यावर सोपवला. मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जाऊ.

दवाखान्यात आमच्या शेजारी एक तरुण आई बसली होती. मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. ती लेन्स लावायला शिकायला आली होती. स्वतःला नाही, बाळाला. मी चकितच झालो. डॉक्टरांनी पुढे समजावलं. काही मुलं जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात. तो लवकर काढावा लागतो, कारण पाहायला डोळा लागतो तसा मेंदूही शिकावा लागतो. पहिल्या महिन्यांत डोळ्यानं स्पष्ट चित्र पाठवलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याची भाषा शिकतच नाही. मोतीबिंदूबरोबर डोळ्यातलं मूळ भिंग निघून जातं, म्हणून बाहेरून लेन्स. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, सात महिन्यांच्या आतल्या ११४ बाळांचा अभ्यास झाला. निम्म्या बाळांच्या डोळ्यात शस्त्रक्रियेच्या वेळीच भिंग बसवलं, निम्म्यांना बाहेरून लेन्स दिली. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या नजरेत फरक दिसला नाही. मात्र भिंग बसवलेल्या मुलांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त कराव्या लागल्या. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘लहान मुलाला लेन्स? भलतंच!’ असं सरसकट म्हणता येत नाही. त्या बाळाच्या आईपुढे हौसेचा प्रश्नच नव्हता. आमच्यापुढे होता.

मुलांचं आणि मऊ लेन्सचं नातं तसं जुनं आहे. ओटो विख्तर्ले नावाच्या झेक रसायनशास्त्रज्ञानं १९६१च्या नाताळात घरच्या घरी मऊ लेन्स घडवणारं यंत्र जुळवलं, ते मुलांच्या खेळण्यातल्या, मेकॅनोसारख्या संचातून. फिरवायला सायकलचा डायनमो लावला. खेळण्यातून निघालेली ही वस्तू खेळणं मात्र नाही. अमेरिकेत २००५पासून नुसत्या शोभेच्या रंगीत लेन्ससुद्धा कायद्यानं वैद्यकीय साधन मानल्या जातात. आपल्याकडे स्नेहसंमेलनाला, लग्नाला मुलींच्या डोळ्यांत निळ्या-हिरव्या लेन्स घालून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मी डॉक्टरांना थेट विचारलं, “कितव्या वर्षी चालतं?” मला वाटलं, ते एक आकडा सांगतील आणि आमचं भांडण मिटेल. आकडा नाही, असं ते म्हणाले. ८ ते १२ वर्षांची मुलं आणि १३ ते १७ वर्षांची मुलं यांची तुलना झाली आहे. लहानांना लेन्स बसवून द्यायला साधारण १५ मिनिटं जास्त लागली, तीही मुख्यतः घालायला-काढायला शिकवण्यात. त्याहून नवल म्हणजे, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लेन्समुळे डोळ्याला होणाऱ्या दाहाचा धोका लहान मुलांत कमी आणि १५ ते २५ या वयात जास्त आढळला. माझी मुलगी मान खाली घालून ऐकत होती. १९ वर्षांची होती ती तेव्हा. लहान मुलाच्या मागे आई उभी असते. वसतिगृहात कोण असतं?

मग डॉक्टर नातीकडे वळले.

“दप्तर कोण भरतं तुझं?”

“अम्मी.”

“नखं कोण कापतं?”

“अम्मी.”

“मग लेन्स कोण घालणार?”

नात गप्प. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “लेन्स कशाला हवी?” ती म्हणाली, “खो-खोसाठी.” “फक्त खो-खोसाठी?” तेव्हा अगदी हळू आवाजात म्हणाली, “मुलं ढापणी म्हणतात.”

माझ्या पोटात कालवलं. आमच्या घरातलं हे नाव तिसऱ्या पिढीपर्यंत आलेलं मला माहीतच नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही प्रश्न वेगळे केले. खेळासाठी लेन्स सोयीची आहे. पण पट्टा असलेला, पॉलिकार्बोनेटच्या सहज न फुटणाऱ्या काचेचा खेळाचा चष्माही मिळतो. चेंडू किंवा कोपर लागलं तर तो डोळा वाचवतो, लेन्स वाचवत नाही. दिसण्याचं म्हणाल, तर ८ ते ११ वर्षांच्या ४८४ मुलांना अमेरिकेत तीन वर्षं कुणाला चष्मा, कुणाला लेन्स देऊन पाहिलं. लेन्सवाल्या मुलांना आपलं रूप, आपला खेळ, मित्रांतलं आपलं स्थान याबद्दल बरं वाटलं. मात्र एकूण स्वतःची किंमत दोन्हीकडे सारखीच राहिली. म्हणजे लेन्स काही देते, सगळं देत नाही. उरलेलं घरानं द्यायचं असतं.

लेन्सनं नंबर थांबतो हा समज जावईबापूंचाही होता. साध्या लेन्सनं थांबत नाही. नंबर वाढतो तो बुबुळामागचा डोळा लांब होत जातो म्हणून, आणि फार मोठ्या नंबरात पुढे पडदा सुटण्यासारखे धोके असतात. अलीकडे मात्र खास रचनेच्या लेन्स निघाल्या आहेत. नोव्हेंबर २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशी पहिली लेन्स मान्य केली, ८ ते १२ वर्षांच्या मुलांनी सुरू करावी म्हणून. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २९४ मुलांच्या अभ्यासात साध्या लेन्सवर तीन वर्षांत नंबर सरासरी एकानं वाढला, तर जास्त ताकदीच्या बहुकेंद्री लेन्सवर सुमारे ०.६ इतकाच. वाढ मंदावते, थांबत नाही. आणि उन्हात, मोकळ्या हवेत खेळल्यानं नंबर लागायचंच प्रमाण कमी होतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं, तर तीन वर्षांत नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. हा उपाय फुकटचा आहे, म्हणून कुणी विकत नाही.

आता पाण्याचं सांगतो. आमच्या घरात नमाजाआधी वुजू करताना हात-तोंड धुतलं जातं. त्यामुळे मला वाटायचं, स्वच्छतेची आम्हाला काय काळजी? पण लेन्सला पाण्याचं वावडं आहे. नळ, टाकी, विहीर, कुठल्याही पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो, आणि त्याच्यावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून साबणानं हात धुवायचे आणि स्वच्छ कपड्यानं कोरडे करायचे. मगच लेन्सला बोट लावायचं. लेन्स किंवा डबी नळाखाली धरायची नाही. लेन्स घालून अंघोळ नाही, पोहणं नाही, झोपणं तर मुळीच नाही. बुबुळाच्या पारदर्शक भागाला रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो बाहेरच्या हवेतून. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी म्हणजे त्याचा श्वास कोंडणं. सुरमा आणि काजळही नको. माझी आजी आमच्या डोळ्यांत सुरमा घालायची. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण पुष्कळ सुरम्यात शिसं असतं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड बोचू लागला, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. औषधाच्या दुकानातले थेंब नकोत. हे वाक्य मी अनुभवानं सांगतो.

डॉक्टरांनी त्या दिवशी लेन्स दिल्या नाहीत. नातीला एक महिना दिला. दप्तर स्वतः भरायचं, नखं वाढली की स्वतः सांगून कापून घ्यायची, खाण्याआधी हात धुऊन पुसायचे, झोपताना चष्मा डबीत ठेवायचा. मुलीनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायचं ठरवलं. महिन्यानं मी विचारलं तेव्हा नात स्वतःहून म्हणाली, “नाना, पाच दिवस चुकले माझे.” तेव्हा मुलगी माझ्याकडे बघून हसली. चुकलेले दिवस जी पोर लपवत नाही, ती डोळा दुखला तर तेही लपवणार नाही.

आता तिला रोज वापरून फेकायच्या लेन्स आहेत. फक्त सरावाला आणि सामन्याला. धूळ गेली की काढून टाकते आणि चष्मा लावते, तो पिशवीत असतोच. शाळेत चष्माच. लेन्स घालायला तिला शिकवलं ते तिच्या अम्मीनं, आरशासमोर शेजारी बसून. आधी स्वतःच्या डोळ्यातलं फूल दाखवलं, मग डबी उघडली.

आणि ढापणी? परवा फोनवर तिनं सांगितलं, वर्गातला एक मुलगा तसं म्हणाला, तर ती त्याला म्हणाली, “माझे नाना पण ढापणे आहेत, आणि ते रेडिओवर बोलतात.” म्हणून आज हे बोललो. तिच्या वर्गातलं कुणी ऐकत असेल, तर त्यालाही माझा नमस्कार.