पर्यावरणाची सरकारी माहिती कुठे मिळते?

गावाजवळ मोठी खाण किंवा कारखाना येणार असेल, तर हवा-पाण्यावर त्याचा काय परिणाम होईल हे सांगणारा अहवाल जनसुनावणीआधी लोकांसाठी खुला ठेवावा लागतो. १४ सप्टेंबर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेतली ही तरतूद फार मोलाची आहे. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला मिळतो. सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात किमान ३० दिवस आधी येते. जाडजूड अहवालासोबत मराठी सारांशही असतो. पण तेवढ्यावर थांबू नये. विहिरींच्या पाण्याचे नमुने कुठून आणि कोणत्या महिन्यात घेतले, हे मूळ अहवालातल्या तक्त्यांतूनच कळते. पावसाळा सरताच घेतलेल्या नमुन्यांत उन्हाळ्यातली स्थिती दिसत नाही.

प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीच्या अटी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्या नोंदी तिच्याकडे असतात. गावच्या झाडा-प्राण्यांची माहिती लोकजैवविविधता नोंदवहीत असते; ती ग्रामपंचायतीत विचारावी. मागूनही कागद मिळाला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे.