सीतामऊचे महाराजकुमार



माळव्यात इतिहासाची परिषद भरवायची आणि महाराजकुमार डॉ. रघुवीर सिंह यांचं नाव घ्यायचं नाही, हे आम्हा इंदूरकरांना शोभणार नाही.

सीतामऊ हे आजच्या मंदसौर जिल्ह्यातलं छोटंसं राठोड संस्थान. रघुवीर सिंह तिथले थोरले राजपुत्र, जन्म १९०८चा. गादीच्या वारसाने शिकारीत रमावं असा तो जमाना. हे मात्र इतिहासकार यदुनाथ सरकारांचे शिष्य झाले. १९३६ साली माळव्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. काळ १६९८ ते १७६५, आणि शीर्षकातच 'अराजकाचं शतक'! अराजक कुणी माजवलं, हे या सभागृहात सांगायला नको. शिंदे, होळकर, पवार या मराठा सरदारांच्या मागोमागच आपले वाडवडील इथे आले. आमच्यातल्या काहींना ते शीर्षक अजून खटकतं. मला विचाराल तर, ज्यांच्या मुलखावर खंडणीचे तगादे लागले त्यांच्या वारसाने तसं लिहिलं, यात वावगं काही नाही.

गंमत पुढेच आहे. सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांच्या पुढाकाराने निघालेल्या 'पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहार' या ग्रंथमालेतले दौलतराव शिंद्यांचे आणि वसईच्या तहाचे खंड याच राजपुत्राने संपादले. कोट्याला शिंद्यांचा कारभार पाहणाऱ्या गुळगुळ्यांचं मोडी दप्तर आज सीतामऊच्या श्री नटनागर शोध संस्थानात नीट ठेवलेलं आहे. आणि आमच्या वाड्यांतले दप्तरांचे रुमाल? काही वाळवीने खाल्ले, काही बंबात गेले, उरलेले रद्दीवाल्याने तोलून नेले.

रघुवीर सिंह १९५२ ते १९६२ राज्यसभेत होते. हिंदी वाचक त्यांना ओळखतात ते 'शेष स्मृतियाँ'मुळे. मुघल वैभवाच्या अवशेषांवरचं ते भावगद्य, आणि त्याला प्रस्तावना रामचंद्र शुक्लांची. पण १९९१मध्ये ते गेले तेव्हा मागे राहिलेली सर्वांत मोठी इस्टेट म्हणजे नटनागर संस्थानातलं ग्रंथालयच, असं मी मानतो. राजवाड्यांची हॉटेलं झालेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

उद्या सीतामऊला जाणारी बस पहाटे सहाला सुटेल. मोडी वाचता येणाऱ्यांनी पुढच्या जागा धरल्या तरी हरकत नाही. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर पोटात घाला, आणि पोह्यांवर शेव नको असेल तर आधीच सांगा. इथे ती न विचारताच पडते.