साबणाचें तेल : खाण्याचें कीं माखण्याचें?

(नभोवाणीवरील भाषण)



माझी थोरली बहीण दौंडास असते. आमचें बिऱ्हाड शिरूरला, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडीं घोडनदीला. गेल्या थंडींत बहिणीनें आपल्या बचत गटांतील पांचसहा जणींना घेऊन अंगाचा साबण करावयास आरंभ केला. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकविलेलें, तेव्हां वजनमापें मींच लिहून दिलीं. पहिल्या खेपेच्या दोन वड्या तिनें कौतुकानें आमच्याकडे पाठविल्या. धाकट्या नातीला त्या वडीनें न्हाऊं घातलें आणि तासाभरांत तिच्या मानेच्या घड्यांत लाल चट्टे उठले. पोर रडत होती आणि मी माझें गणित पुनःपुन्हां तपाशीत होतों. गणित बरोबर होतें.

दुसऱ्या दिवशीं दौंड गांठून मीं तेलाची बाटली मागितली. बाटलीवर नारळाचें चित्र होतें. पाठीमागें, भिंगाखालीं वाचावें अशा अक्षरांत, घटकांच्या यादींत पहिलेंच नांव लिक्विड पॅराफिनचें. बहीण म्हणाली, "अरे, खाण्याचें तेल साबणांत कशाला, म्हणून मुद्दाम अंगाडोक्याला लावावयाचें चांगलें तेल आणविलें!" करणाऱ्यानें फसविलें नव्हतें, छापलेलें आम्हीं वाचलें नव्हतें.

लिक्विड पॅराफिन हें खनिज तेल. तें त्वचेला लावण्यास चालतें, पण त्याचा साबण होत नाहीं. साबण होतो तो स्निग्ध पदार्थ आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगानें. त्यांतून साबण व ग्लिसरीन निघतें. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक ठरलेली आहे. 100 ग्रॅम खोबरेलास सुमारें 18.3 ग्रॅम, शेंगदाणा किंवा करडईच्या तेलास सुमारें 13.6, एरंडेलास 12.8. खनिज तेलास कांहींच नाहीं. आतां 500 ग्रॅम "खोबरेला"साठीं, वीसांत एक हिस्सा तेल मोकळें राखूनही, आपण 87 ग्रॅम कॉस्टिक तोललें आणि बाटलींत निम्में पॅराफिन असलें, तर खपेल तें जेमतेम 46 ग्रॅम. उरलेलें 40 ग्रॅमांहून अधिक कॉस्टिक वडींतच राहतें, आणि तें नातीच्या मानेवर बोलतें.

म्हणून खाद्य कीं प्रसाधनी, असा प्रश्न करण्यापेक्षां बाटलींत एकच तेल आहे काय, हें विचारावें. या दोन नांवांनीं तेलाची जात बदलत नाहीं. शुद्ध खोबरेल खाद्य मानावें कीं केशतेल, याचा वाद करखात्याशीं वर्षानुवर्षें चालला होता. खाद्यतेलावर 5 टक्के व केशतेलावर 18 टक्के कर असल्यानें त्यांत पैका गुंतलेला होता. 18 डिसेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, केवळ लहान बाटलींत भरल्यानें खोबरेल केशतेल ठरत नाहीं. पुढें 22 सप्टेंबर 2025 पासून केशतेलावरील करही 5 टक्क्यांवर आला. वाद मिटला तरी बाटलीवरचे शब्द राहिले आहेत.

घरगुती कामास मी खाद्यतेलच सुचवितों. त्यांत खनिज तेल मिसळण्यास कायद्यानें मनाई आहे, आणि पुडक्यावर 14 आंकडी परवाना क्रमांक व तारीख असते. कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेलें शुद्ध प्रसाधनी तेलही वाईट नव्हे. पण जादा पैसे मोजून आणलेले त्याचे नाजूक गुण कॉस्टिकच्या तडाख्यांत कितीसे टिकणार? खोबरेलाची एक सोपी पारख आहे. आमच्याकडे पौषांतल्या पहांटे शुद्ध खोबरेल दगडासारखें थिजतें. पॅराफिन बरेंच असेल तर तें नीट थिजत नाहीं. ही खूण पुरता पुरावा मात्र नव्हे.

कोरडवाहू गांवांतून करडई घाण्यावर गाळतात. तें तेल खाण्यास उत्तम. पण नुसत्या करडईची वडी मऊ राहते आणि लवकर खवट होऊन तिच्यावर पिवळे-तांबूस डाग पडतात. कठीणपणा व फेंस यांसाठीं खोबरेल हवेंच. दुसऱ्या खेपेस आम्हीं 400 ग्रॅम खाद्य खोबरेल, 500 ग्रॅम शेंगदाण्याचें तेल व 100 ग्रॅम एरंडेल घेतलें. कॉस्टिक 146 ग्रॅम, पाणी 300 ग्रॅम. कॉस्टिक पाण्यांत घालावें, पाणी कॉस्टिकवर कधींही ओतूं नये. भांडें ॲल्युमिनियमचें नको. वड्या पांच आठवडे वाऱ्यावर ठेवल्या. माझ्या मनगटावर आठ दिवस वापरून पाहिल्यावरच नातीच्या आईनें त्यांना हात लावूं दिला, आणि तें योग्यच झालें.

एक शंका मला स्वतःला सतावते. पाऊस हुलकावणी देणाऱ्या या तालुक्यांत ताटांतलें तेल धुण्याच्या दगडावर घालावें काय? अंगाच्या साबणास थोडें लागतें, त्याचें वाईट वाटत नाहीं. कपड्यांच्या साबणास मात्र ओढ्याकाठचा करंज आणि बांधावरचा कडुनिंब आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगानें अशा अखाद्य तेलांच्या साबणाचा धंदा पुष्कळ वर्षें चालविला. त्याला वास येतो, रंग काळपट असतो. बहिणीच्या गटांतील दोघी तर नाकाला पदर लावतात. पण धुणें निघतें.

पहिल्या खेपेच्या उरलेल्या वड्या आम्हीं कोणास दिल्या नाहींत. आणि नारळाच्या चित्राची ती अर्धी बाटली बहिणीनें दारांच्या बिजागऱ्यांसाठीं ठेवली आहे.