ठिपक्यांचा हिशेब



आमच्या युनियनच्या कचेरीत जुन्या पगारपावत्यांचे एक गाठोडे होते. ते स्कॅन करावयास मीच बसलो. लिनक्सवरील 'सिंपल स्कॅन'मध्ये मजकुरासाठी 150 हा आकडा ठेवलेला असतो; जागा वाचेल म्हणून मी तो 75 वर आणला. पुढल्या पावसाळ्यात मूळ पावत्या कुजल्या. आज एका कामगाराच्या तिकीट नंबरात 3 आहे की 8, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि त्याचा हक्क त्या एका आकड्यावर अडला आहे.

हा आकडा म्हणजे काय? एका इंचात यंत्र किती ठिपके टिपते, तो. 300 ठेवला तर ए-फोर कागदाचे सुमारे 87 लाख ठिपके होतात. 600 केला तर दुप्पट नव्हे, चौपट. कारण लांबी आणि रुंदी दोन्हींकडून ते वाढतात. छापील मजकुराला, टेसरॅक्टकडून अक्षरे वाचून घ्यावयाची असली तरी, 300 पुरे. पुसट शिक्क्याला मात्र 600 द्यावे, तेथे काटकसर नको. जाहिरातीतल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. काचेखालच्या डोळ्याला दिसते त्यापलीकडचे ठिपके यंत्र अंदाजाने भरते. आमच्या वेळचे हजेरी-कारकूनही तसेच करीत!

उरलेल्या पावत्या आम्ही 300 वर पुन्हा घेत आहोत. निम्म्या झाल्या.