डोंगरवाटेवरची सोबत

संस्कृत व्याकरण रचताना पाणिनीने ‘साप्तपदीन’ या शब्दाची सिद्धी सांगून ठेवली आहे. सात पावले बरोबर चालल्याने जे जडते ते साप्तपदीन, म्हणजेच सख्य. विवाहातील सप्तपदी सर्वांना परिचित असते. परंतु मैत्रीचे मापही आपल्या पूर्वजांनी पावलांनीच घेतले होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. सपाट रस्त्यावर सात पावले कोणीही कोणाबरोबर चालू शकतो. एकाचा श्वास पुरतो आणि दुसऱ्याचा पुरत नाही, अशा चढावर ती सात पावले बरोबर पडतात की नाही, यावर मात्र सख्याची पारख होते.

जबलपूर शहराला अशा पारखीची सोय निसर्गानेच करून दिली आहे. शहरालगत मदनमहालची ग्रॅनाइटची टेकडी आहे. तिच्या परिसरात एका शिळेवर दुसरी प्रचंड शिळा केवळ टोकावर टेकून उभी आहे. 22 मे 1997 च्या भूकंपात शहरातील घरे कोसळली, पण ती शिळा ढळली नाही. उच्च न्यायालय, रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना आणि नाना कचेऱ्या यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील चार मित्र रविवारी सकाळी या टेकडीवर गेले, तर चहाच्या वेळेला घरी परततात. एवढ्या फेरीत सोबतीचा कस लागत नाही. त्यासाठी इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरील पिपरियास उतरावे लागते आणि तेथून सुमारे पन्नास किलोमीटरचा घाट चढून पचमढी गाठावी लागते.

पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच आहे. वालुकाश्माचे तुटलेले कडे, खोल दऱ्या, पठाराला वळसा घालून तव्याला मिळणारी देनवा नदी, आणि साल व साग या दोन वृक्षांची राज्ये जेथे एकमेकांस भिडतात असे अरण्य, हे या प्रदेशाचे वैभव होय. येथील धूपगड हे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर. त्याची उंची 1,350 मीटर, म्हणजे सुमारे 4,430 फूट. हिमालयाच्या मानाने ही उंची किरकोळ खरी. परंतु मध्य भारतात याहून वर पाऊल ठेवावयास जागा नाही.

जबलपुराहून महादेवाच्या या डोंगरांकडे येण्याची वाट मराठी इतिहासाला अपरिचित नाही. नागपूरचे आप्पासाहेब भोसले यांना इंग्रज कैद करून अलाहाबादेकडे नेत असता, 1818 च्या मे महिन्यात जबलपुराजवळच्या मुक्कामावरून ते शिपायाच्या वेषात निसटले आणि या डोंगरांतील गोंडांच्या आश्रयास गेले. पदरी सत्ता उरली नव्हती आणि मागावर फौज होती. त्या काळात त्यांना तारले ते वाट ठाऊक असलेल्या माणसांच्या सोबतीने. डोंगरात मनुष्याची किंमत त्याच्या पदवीवर ठरत नाही, हा धडा त्या प्रसंगात आहे.

आज धूपगडाकडे एका दिवसाच्या पायपिटीला निघणाऱ्या मित्रमंडळींपुढे तसा धोका नसतो. पण तो धडा त्यांनाही गिरवावा लागतो. कचेरीत ज्याच्या शब्दावर कागद हलतात, तो वरिष्ठ चढावर मागे पडतो आणि त्याचा कारकून सहज पुढे निघून जातो. दमलो असे म्हणणे वरिष्ठाला जड जाते. मग तो हसून म्हणतो, “तुम्ही व्हा पुढे, मी येतोच मागून.” डोंगरात उच्चारले जाणारे याहून घातक वाक्य क्वचितच असेल. बोलणाऱ्याने ते संकोचापोटी म्हटलेले असते आणि ऐकणाऱ्यांनी सोयीपोटी खरे मानलेले असते.

पुढे जे घडते त्यात दुष्टावा कोणाचाच नसतो. चपळ मंडळी वळणावर पोहोचून सावलीत बसतात, पाणी पितात, शिदोरीतील दशमी सोडतात. दहा मिनिटांनी मागचा गडी धापा टाकीत येतो. त्याला पाहताच सर्वजण उठून म्हणतात, “आलात ना? चला तर!” ज्याला विसाव्याची गरज सर्वांत कमी, त्याला तो पुरेपूर मिळाला; ज्याला गरज सर्वांत अधिक, त्याला तो मुळीच मिळाला नाही. दिवसभरात असे पाच-सहा वेळा घडले की मागचा अधिकच मागे पडतो, आणि पुढचे त्याला मनातल्या मनात दोष देऊ लागतात. यावर उपाय एकच. शेवटचा माणूस पोहोचल्यावरच विसावा सुरू झाला असे मानावे; आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याने पुढे असावे, सर्वांत दमदार गड्याने शेवटी.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली चालीचा एक ठोकताळा सांगितला: तीन मैलांना एक तास, आणि प्रत्येक दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. या हिशेबाने पठारावरून धूपगड गाठण्यास अडीच तास पुरावेत. मात्र त्या अडीच तासांत विसावा धरलेला नाही, दुखरा गुडघा धरलेला नाही, घसरणारी वाळू धरलेली नाही. म्हणून जाणते लोक तो आकडा निर्धास्तपणे दुप्पट करतात, आणि निघण्यापूर्वीच परतीची घटका ठरवून ठेवतात.

ही घटका पाळणे धूपगडावर विशेष कठीण आहे. कारण हे शिखर प्रसिद्ध आहे तेच मुळी सूर्यास्तासाठी. मोटारीने आलेले लोक तो डोळे भरून पाहतात आणि मोटारीनेच खाली उतरतात. पायी आलेल्यांना तसे करता येत नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. अरण्य व्याघ्र प्रकल्पाचे आहे, अस्वलांचेही आहे, आणि अंधारात पायाखालचा दगड दिसत नाही. अशा वेळी मंडळींतील एकाचा पाय मुरगळलेला असेल, तर शिखर डोळ्यांसमोर असतानाही मागे वळावे लागते. रजा काढून, खर्च करून, वर्षभर बेत आखून आलेल्या पाच जणांनी सहाव्यासाठी तो सूर्यास्त सोडावयाचा की नाही, हा प्रश्न लहान वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुढील कित्येक वर्षांची मैत्री अवलंबून असते. आणि सोडलाच, तर उपकाराची भाषा न करता सोडावा, हे त्याहून कठीण.

या प्रश्नाचे उत्तर याच डोंगरांत फार पूर्वीपासून दिले गेले आहे. कॅप्टन फोर्सिथ 1862 साली पचमढीस आला, त्याच्या कितीतरी आधीपासून गोंड व कोरकू येथे राहत होते आणि यात्रेकरू येत होते. आजही नागपंचमीच्या सुमारास विदर्भातील गावोगावची मंडळे नागद्वारीच्या यात्रेस येतात आणि भर पावसात डोंगर ओलांडतात. महाशिवरात्रीला चौरागडाच्या बाराशेहून अधिक पायऱ्या चढून महादेवाला त्रिशूळ वाहिले जातात. काही त्रिशूळ इतके अवजड असतात की ते अनेकांच्या खांद्यांवरून न्यावे लागतात. तेथे कोणी चपळाईने पुढे धावू शकत नाही; एकाने घाई केली तर भार दुसऱ्यावर पडतो. एकजण थांबला की सारे थांबतात, “हर हर महादेव” म्हणून पुन्हा खांदा देतात, आणि त्रिशूळ वर पोहोचतो तो सर्वांचा म्हणून.

हौसेने डोंगर चढणाऱ्या मित्रांच्या खांद्यावर असा दृश्य भार नसतो, म्हणूनच त्यांना तो विसरण्याची सवलत वाटते. वस्तुतः सहा जण निघाले की सहाही जणांना दिवेलागणीपूर्वी सुखरूप मुक्कामी आणणे हाच त्यांचा त्रिशूळ होय. धूपगड कोठे जात नाही. पुढल्या हिवाळ्यातही तो तेथेच असेल. तोवर त्याच सहा जणांना पुन्हा एकत्र निघावेसे वाटले, तर त्या दिवशीची पायपीट सार्थकी लागली असे समजावे.